कट्यारीचं टोक कसं वाकलं

शियाबागेमागच्या गल्लीत जगतापांचं घर कुठलं म्हणून विचारलं, तर लोक नंबर सांगत नसत. "तलवारवाले ना?" असं उलट विचारत. घर तसं काही मोठं नव्हतं. समोर ओटला, मग बैठकीची खोली, मग स्वयंपाकघर, की संपलं. पण बैठकीच्या भिंतीवर एक तलवार, तिच्याखाली एक कट्यार, आणि कट्यारीच्या खाली खुर्ची टाकून प्रतापराव. प्रतापरावांचे पणजोबा सरकारी फौजेत शिलेदार होते. हे ज्याला ठाऊक नाही असा माणूस बडोद्यात मिळणं कठीण, कारण प्रतापरावांनी दूधवाल्यापासून विजेचं मीटर वाचणाऱ्यापर्यंत कुणालाही सोडलेलं नव्हतं. ते स्वतः छत्तीस वर्षं कारकून होते आणि पेन्सिलीला टोक करताना बोट कापून घेत. ही दुसरी गोष्ट मात्र त्यांनी कधी सांगितली नाही. ती गल्लीला कळली चिमणाबाईंकडून.

चिमणाबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. नाव राजघराण्यातलं, उंची पावणेपाच फूट, आणि जिभेचं माप अजून कुणी घेतलेलं नाही.

जगतापांच्या घराण्यात एक जुना रिवाज होता. ज्या घरच्या चुलीवर खंडेनवमीचा नैवेद्य शिजेल, त्या घरच्या भिंतीवर तलवार. नवमीला भाऊबंदांची तीस-पस्तीस पानं उठत. बकऱ्याचा नैवेद्य, वडे, पांढरा भात आणि चिमणाबाईंच्या हातचा तो लालभडक रस्सा. त्या दिवशी शेजारचे रसिकभाई सकाळी दहालाच खिडक्या लावून घेत आणि संध्याकाळी भेटले की न चुकता विचारत, "भाभी, आज काय जळालं होतं का?" चिमणाबाई म्हणत, "हो ना, पापड." दोघांनाही खरं ठाऊक असे. बडोद्यात शेजारधर्म असाच टिकतो.

ही पंगत चिमणाबाईंच्या हातात आली ती चौऱ्याहत्तर साली, गॅससकट. त्यांनी स्वतः नंबर लावला होता आणि सात वर्षं वाट पाहिली होती. शेगडी घरात आली तेव्हा सासऱ्यांनी फर्मान काढलं, की या वाऱ्यावरच्या आगीवर कुळाचाराचं काही शिजायचं नाही. चिमणाबाईंनी "बरं मामंजी" म्हटलं आणि नवमीचं मटण गॅसवरच चढवलं. मामंजी पानावर बसेपर्यंत रुसलेले होते. दुसऱ्यांदा रस्सा मागताना त्यांनी आवाज खाली केला. तिसऱ्यांदा नुसती वाटी पुढे केली. तेव्हापासून बावीस वर्षं ती शेगडी आणि ती पंगत बाईंचीच.

आणि शहाण्णव सालच्या नवरात्रात तिचा डावा बर्नर गेला.

एकदम नाही गेला. म्हातारी माणसं जातात तसा, सगळ्यांना सूचना देत देत गेला. आधी ज्वाळेचा निळा रंग गेला आणि पिवळा आला. मग पातेल्यांच्या बुडाला काजळी धरू लागली. बाईंनी पिनेनं भोकं टोकरली, टोकरून टोकरून दोन भोकांचं एक झालं. शेवटी टोपीखालची बैठकच झिजली, टोपी डुगडुगू लागली आणि फटीतून गॅस बाजूला पेटू लागला. उजवा बर्नर धड होता, पण तो लहान. त्याच्यावर पस्तीस माणसांचं पातेलं ठेवलं असतं तर नवमीची पंगत कोजागिरीला बसली असती. घासलेटच्या स्टोव्हवर देवाचं शिजवायचं नाही, हा तर सगळ्या भाऊबंदांचा नियम. आणि अंगणात चूल मांडावी, तर त्यांच्या घराला अंगण नव्हतं. ओटल्यावर मटण शिजवलं असतं तर रसिकभाईंनी पापडाची गोष्ट कितीशी मानली असती?

हे सगळं घरातल्या घरात राहिलं असतं. पण ललितापंचमीला हळदीकुंकू होतं, आणि हळदीकुंकवाला सरोजिनी आली.

सरोजिनी म्हणजे धाकटी जाऊ. तिचे यजमान दत्ताजीराव नंदेसरीला रसायनांच्या कारखान्यात मोठ्या पगारावर होते. गेल्या चार-पाच वर्षांत देशात जे जे नवीन आलं ते सगळं आधी त्यांच्या घरी उतरलं, मग बाकीच्यांनी पाहिलं. फतेगंजात फ्लॅट, खाली मारुती, आणि यंदा 'जुनी द्या, नवी न्या' अशा योजनेतून काचेची शेगडी. तिला काडी लागत नाही. बटण फिरवलं की चट् म्हणते आणि पेटते. सरोजिनी मनानं वाईट नव्हती हो. फक्त तिला प्रत्येक गोष्टीवर आपलं नाव लागे. हा माहेरचा सोस. रुखवतात आलेल्या एकूण एक वस्तूवर नाव कोरलेलं: पातेल्यावर, डावावर, सांडशीवर, किसणीवर, 'सौ. सरोजिनी द. जगताप'. रुखवतातल्या शेगडीवर तर कडेला, बटणांवर आणि बर्नरच्या टोप्यांवरसुद्धा. बायका म्हणत, दत्ताजीरावांच्या पाठीवरही असणार. बनियन घालतात म्हणून दिसत नाही.

तर ही सरोजिनी मसाला दूध घ्यायला थेट स्वयंपाकघरात शिरली आणि शेगडीपाशी थबकली.

"अगंबाई जाऊबाई! ज्वाळा अशी भगवी का दिसते?"

"नवरात्र आहे," चिमणाबाई म्हणाल्या. "देवीला आवडते."

बायका हसल्या. तेवढ्यात बर्नरनं भप्प केलं आणि बाजूनं हातभर जीभ काढली. सरोजिनी रेशमी पदर सावरत दोन पावलं मागे उडाली ती थेट दुधाच्या पातेल्याला टेकली.

"आता पुरे करा हो जाऊबाई. वय झालं."

"कुणाचं?"

"शेगडीचं हो!" सरोजिनीच्या आवाजात पेढे होते. "मी काय म्हणते, यंदापासून नवमी आमच्याकडे करू या. जागा आहे, पंखे आहेत, चार बर्नर आहेत. तुम्ही नुसत्या येऊन बसा. इतकी वर्षं केलंत, आता आराम करा."

नवमी फतेगंजला म्हणजे तलवार फतेगंजला, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि एका मामेसासूबाईंनी तर कालच बाईंच्या कानात सांगितलं होतं, की फतेगंजच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर खुंट्या ठोकूनसुद्धा झाल्यात.

चिमणाबाईंना तलवारीचं एवढं काही नव्हतं. वर्षातून एकदा ती पुसायची, एवढाच संबंध. पण "नुसत्या येऊन बसा" हे त्यांच्या काळजात माशाच्या काट्यासारखं रुतलं. बावीस वर्षं ज्या पंगतीत त्यांनी वाढलं, तिथं पाहुणीसारखं बसायचं? आणि वर सगळ्यांनी म्हणायचं, हो, पूर्वी ह्यासुद्धा बरं करत असत?

त्यांनी पदर खोचला. "नवमी इथंच होणार. ह्याच घरात, ह्याच शेगडीवर, ह्याच डाव्या बर्नरवर. नवमीला एकच्या ठोक्याला पानं वाढलेली नसली, तर तलवार मी स्वतः उचलून तुझ्या मारुतीत ठेवीन. काय समजलीस?"

बाहेरच्या खोलीत, तलवारीखाली, प्रतापरावांना साबुदाण्याचा ठसका लागला.

बायका गेल्यावर ते आत आले. "अगं, तलवार देऊन मोकळी झालीस? मला विचारायचंस तरी!"

"तुम्ही तिच्याखालीच बसला होतात की. यायचं होतं उपसून."

*

दुसऱ्या दिवशी बाई कापडी पिशवीत बर्नरची टोपी घालून मांडवीला गेल्या. खालची बैठक शेगडीलाच पेचानं बसवलेली, ती काही निघेना. म्हणून त्यांनी एक युक्ती केली. हातातल्या बांगड्या एकेक करून त्या बैठकीवर घालून पाहिल्या. मोठी पाटली सैल झाली, हिरवी घट्ट झाली, आणि माहेरची पितळी बांगडी अशी चपखल बसली की काढताना तूप लावावं लागलं. ते माप मनगटात घालूनच बाई निघाल्या.

पहिल्या दुकानातल्या तरुण शेठनं टोपी हातातसुद्धा घेतली नाही. "मासी, आ तो म्युझियममां मूको!" आणि स्वतःच्याच विनोदावर हसत त्यानं काचेच्या शेगड्यांची रांग दाखवली. दुसऱ्यानं सांगितलं, हा साचा दहा वर्षांपूर्वीच बंद झाला. तिसरा म्हणाला, "बा, जुनं देऊन टाका, नवं घ्या. आता कोणी दुरुस्त नाही करत." चिमणाबाई म्हणाल्या, "तुझी आई म्हातारी झाल्यावर तू हीच योजना लावणार का रे?" आणि पायऱ्या उतरल्या.

शेवटी मांडवीच्या मागच्या गल्लीत जशुभाई कंसारा सापडले. कंसारा म्हणजे आपला तांबट. पितळेची भांडी घडवायची, मोडीचं पितळ घ्यायचं, हा सात पिढ्यांचा धंदा. जुन्या शहरातला माणूस, त्यामुळे मराठी पाण्यासारखं. त्यांनी टोपी बोटांत फिरवली, डोळ्यापाशी नेली, फुंकर मारली.

"मासी, नुसती टोपी बदलून वांधा मिटणार नाही. खालची बैठक घासलीय. जोडीच पाहिजे, टोपी आणि बैठक एका शेगडीची."

"मग द्या की."

"माप?"

बाईंनी पितळी बांगडी काढून गल्ल्यावर ठेवली. जशुभाईंनी बांगडीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि कानामागची पेन्सिल काढून कागदावर बांगडीभोवती गोल ओढला.

"मोडीचं पोतं आलंय. योजनेवाले लोकांच्या जुन्या शेगड्या घेतात आणि फोडून आम्हाला पितळ विकतात. त्यात शोधतो. अष्टमीला या."

"नक्की?"

"कंसाराची जबान आहे. पण एवढी घाई कसली? नवमीला काय करणार?"

"शिरा," चिमणाबाई म्हणाल्या.

"नवमीला मराठ्यांच्या घरी शिरा!" जशुभाई गालात हसले. "मासी, मी बडोद्यातच जन्मलोय हं."

आता इथं एक चूक झाली, आणि ती बडोद्याबाहेरच्या माणसानं केली असती तर क्षम्य होती. चिमणाबाई एका गुजराती माणसाची नवरात्रातली जबान धरून चालल्या. नवरात्रात बडोदं रात्री गरबा खेळतं आणि दिवसा झोपतं. त्या नऊ दिवसांत दिलेला शब्द शरद पौर्णिमेनंतर मोजायचा असतो. अष्टमीला बाई गेल्या तर दुकानाला कुलूप. शेजारचा ओटल्यावरून कौतुकानं म्हणाला, "जशुभाईने काले इनाम मळ्युं, गरबामां! सूता हशे." साठीचा माणूस, रात्रभर गरबा खेळून बक्षीस घेऊन झोपला होता. चार वेळा कडी वाजवली, पण बक्षीसपात्र माणूस काही उठला नाही.

नवमीला सकाळी साडेसातला बाई पुन्हा त्याच दाराशी हजर. या वेळी त्यांनी कडी वाजवली नाही. दुकानाबाहेर उपडा ठेवलेला तांब्याचा हंडा होता, तो वाजवला. तिसऱ्या टोल्याला वरची खिडकी उघडली.

"मासी! काढून ठेवलाय हो! गावाला उठवू नका, आत्ता कुठे झोपलंय!"

जशुभाई तांबारलेल्या डोळ्यांनी खाली आले. जोडी खरंच काढून ठेवलेली होती. बांगडी तिच्यावर टक्क बसली. फारशी वापरलेलीसुद्धा नव्हती, भोकं कशी मोत्याच्या दाण्यांसारखी वेगळी वेगळी. बाईंनी टोपी उलटी केली, पदरानं काजळी पुसली, आणि डोळे बारीक करून वाचलं. मग पुन्हा वाचलं.

'सौ. सरोजिनी द. जगताप.'

त्या काळी बडोद्यात एकाच साच्याच्या शेगड्या मिळत, त्यामुळे दोघी जावांच्या शेगड्या बहिणी-बहिणीच होत्या. त्यातली एक योजनेत दिली गेली, फुटली, पोत्यात भरली, आणि तिचं काळीज हे असं आता थोरलीच्या हातात. क्षणभर बाईंच्या मनात आलं, परत करावं. जावेनं टाकलेलं आपण का उचलायचं? पण दुसऱ्याच क्षणी त्यांना हसू फुटलं.

"टाकलं तिनं," त्या जशुभाईंना म्हणाल्या. "मी कुठं मागितलंय?" जशुभाईंना काही कळलं नाही, पण झोपेत असल्यामुळे त्यांनी मान हलवली.

*

बाई घरी पोचल्या तेव्हा नऊ वाजले होते. पंगतीला चार तास. आणि बैठकीच्या खोलीत प्रतापरावांनी खंडेनवमी मांडलेली होती.

पाटावर लाल कापड, त्यावर तलवार, तिच्या बाजूला कट्यार, आणि पुढे घरातली झाडून सगळी हत्यारं: पाना, पक्कड, हातोडी, करवत आणि डिसमिस. डिसमिस म्हणजे पेचकस. बडोद्यातल्या मराठी घरांतही त्याला दुसरं नाव नाही. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांवर झेंडू. आणि एकदा पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, हा नियम प्रतापराव प्राणापलीकडे पाळत. त्यांना तो जडही जात नसे, कारण वर्षाच्या बाकीच्या दिवशीही ते हात लावत नसत.

"डिसमिस द्या," चिमणाबाई म्हणाल्या.

"आज?" प्रतापराव पूजेसमोर आडवे झाले. "अगं, आज शस्त्रं विश्रांती घेतात."

"वर्षभर काय करतात?"

"हे बघ, कुळाचार आहे. शेजारी माग."

"रसिकभाईंकडे मागू? नवरात्रात? काय सांगू, आमच्या शेगडीवर बकरा चढवायचाय, तुमचं डिसमिस द्या? बावीस वर्षं आमचा पापड जळतोय, आज तेवढं खोटं काढू?"

भिंतीवरच्या घड्याळात सव्वानऊ.

"बरं, राहिलं," बाई पाटापाशी मांडी घालून बसल्या. आवाज असा मऊ, की जाणत्या माणसानं तिथून निघून जावं. "आपण एकच्या ठोक्याला काय करायचं ते ठरवू. पानं वाढलेली नसतील. दत्ताजी गाडी घेऊन येतील. तलवार त्यांना द्यायची. ती आज उचलणार कोण? तुम्ही? मग आज शस्त्राला हात लावायचा नाही, ते काय झालं?"

हा प्रश्न पणजोबांना कुणी विचारला नव्हता.

"आणि शस्त्राची पूजा लोक करतात कशाला? लढाईला निघायचं म्हणून. तुमची लढाई शंभर वर्षांपूर्वी संपली. माझी एक वाजता आहे." त्यांनी पाटाला हात जोडले, डोकं टेकवलं, आणि झेंडू बाजूला सारून डिसमिस उचललं.

सिलिंडर बंद केला, नळी काढली, शेगडी ओट्यावर उताणी पाडली. पोटाखाली एक मोठा पेच, त्याच्यावर बावीस वर्षांचं तेलकट किटण. बाईंनी ते सुरीनं खरवडून काढलं, खाचेत डिसमिस घातलं आणि जोर लावला. पेच हलला नाही. डिसमिसची मूठ मात्र गरगर फिरली आणि हातात आली. पूजा खाऊन खाऊन ते आतून गंजलं होतं. पक्कड घेतली तर तिचे जबडे हळदकुंकवानं असे चिकटलेले, की उघडायलाच दुसरी पक्कड हवी. सुरी घातली, सुरीचं पातं वाकलं.

बाई घामानं निथळत होत्या. पावणेदहा. मटण धुऊन, हळद लावून तयार, वाटण तयार, आणि पेच जागचा हलत नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं, की जाऊ दे. येऊन नुसतं बसू. पंखे आहेत म्हणे.

"अगं."

मागे प्रतापराव उभे होते. दोन्ही हातांत, नैवेद्याचं ताट धरावं तशी, कट्यार.

"हिला अणी आहे," ते म्हणाले. "पोलाद चांगलं आहे म्हणत असत वडील."

आता या कट्यारीची खरी हकीगत गल्लीत एकाच माणसाला ठाऊक होती. प्रतापराव सांगत, की पणजोबांनी ती पेंढाऱ्यांवर चालवली. पणजोबांच्या धाकट्या मुलीनं मरण्यापूर्वी चिमणाबाईंना सांगितलं होतं, की तिनं आजवर फक्त एक कलिंगड कापलंय, आणि तेही वाकडं.

बाईंनी कट्यार घेतली. कपाळाला लावली. टोक पेचाच्या खाचेत घातलं आणि दोन्ही हातांनी मूठ धरली. "शेगडी धरा," त्या म्हणाल्या, आणि शिलेदाराच्या पणतवानं शेगडी धरली. बाईंनी दात आवळले, सासऱ्यांपासून सरोजिनीपर्यंत सगळ्यांना मनातल्या मनात एकदा आठवलं, आणि पीळ दिला.

कर्रर्र असा आवाज झाला.

"कट्यार मोडली!" प्रतापराव ओरडले.

"पेच निघाला," चिमणाबाई म्हणाल्या.

नवी बैठक बसली, पेच आवळला, टोपी ठेवली, डुगडुगली नाही. बाईंनी सांध्यांना साबणाचा फेस लावून पाहिलं, बुडबुडा आला नाही. मग काडी ओढली. निळ्या पाकळ्यांचं कमळ उमलावं तशी ज्वाळा गोल उभी राहिली. प्रतापराव तिच्याकडे बघत राहिले. "चट् नाही म्हणत," ते हळूच म्हणाले.

"तिला बोलायची गरज नाही," बाई म्हणाल्या, आणि पातेलं चढवलं.

साडेदहाला रसिकभाईंच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. तेव्हा गल्लीला कळलं, की नवमी इथंच आहे.

*

साडेबाराला मारुती आली. दत्ताजीराव उतरले ते नाक वर करूनच, आणि वासानं त्यांचा चेहरा असा काही पालटला, की सरोजिनीला कोपरानं ढोसावं लागलं. गाडीच्या मागच्या सीटवर तिनं जुनी सतरंजी अंथरून आणली होती. तलवार गुंडाळायला, दुसरं कशाला?

ती बैठकीतल्या पाटापाशी थांबली. तलवारीशेजारी कट्यार होती, आणि कट्यारीशेजारी एक काळाकुट्ट, झिजलेला बर्नर. त्यालाही हळदकुंकू, त्यालाही झेंडू.

"अगंबाई, हे काय?"

"शस्त्र," आतून आवाज आला. "घरातलं एकच असं, जे वर्षभर लढलं. बस, पानं घेतेय. आणि ती सतरंजी आण गं गाडीतली, माणसं जास्त झालीत, बसायला कमी पडतंय."

एकला दोन मिनिटं कमी असताना पहिलं पान वाढलं गेलं. सरोजिनीची सतरंजी पंगतीत अंथरली होती आणि तिच्यावर दत्ताजीराव स्वतः बसले होते. ते मामंजींच्याच वळणावर गेलेले. तिसऱ्यांदा त्यांनी नुसती वाटी पुढे केली.

"वहिनीसाहेब, हे फतेगंजला नसतं जमलं हो," ते म्हणाले, आणि मग बायकोकडे बघून घाईघाईनं रस्सा प्यायले.

जेवणं झाली, भांडी निघाली. नवमीच्या दिवशी शेगडी जावांनी मिळून घासायची, हीही तिथली रीत. सरोजिनी मोरीवर बसली. चिमणाबाईंनी गार झालेली बर्नरची टोपी आणि चिंचेचा गोळा तिच्या हातात ठेवला आणि स्वतः पलीकडे पातेलं घासत बसल्या. एक शब्द बोलल्या नाहीत; हे त्यांच्या आयुष्यात दोन-तीनदाच घडलं असेल.

सरोजिनी घासू लागली. काजळी गेली, तांबूस गेलं, पितळ झळकू लागलं. मग तिचा हात हळू झाला. तिनं टोपी पाण्याखाली धरली, जवळ आणली, आणि वाचलं. मान वर झाली नाही. पण कानाच्या पाळ्या रस्स्याच्या रंगाच्या झाल्या.

तिनं नळ बंद केला.

"छान जळत होती ना हो?" ती म्हणाली.

"उत्तम. तुझ्या माहेरची वस्तू, वाईट कशी असेल?"

सरोजिनी आधी हुंदका देणार, असं वाटलं, पण आलं ते हसू. एवढं हसू, की तिच्या हातातून टोपी निसटून मोरीत घरंगळली. मग तिनं ती उचलली, पदरानं कोरडी केली, आणि स्वयंपाकघरात जाऊन आपल्या हातानं जागच्या जागी बसवली. नाव खाली, भोकं वर. फतेगंजच्या हॉलमधल्या खुंट्यांवर पुढे तिनं दोन प्लॅस्टिकच्या वेली सोडल्या. कुणी विचारलं तर म्हणे, वेलींसाठीच ठोकल्या होत्या.

कट्यार मात्र वाकली. टोक जोंधळ्याएवढं डावीकडे वळलं, आणि कितीही पुसली तरी मुठीपाशी कांद्याचा वास यायचा. प्रतापरावांनी आठ दिवस तोंड सुतकी ठेवलं. नवव्या दिवशी त्यांचा चेहरा उजळला.

त्या दिवाळीत पुण्याकडचे कुणी पाहुणे आले होते. प्रतापराव खुर्चीवर ताठ बसले, बोट वर केलं आणि म्हणाले, "ही अणी वाकलेली दिसते? लढाईत वाकली. समोरचा गडी असा चिवट होता, की बावीस वर्षं कुणाला हललेला नव्हता."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. "कुठली लढाई ही?"

प्रतापरावांनी चहाचा कप तोंडाला लावला. आतून डाव्या बर्नरवरच्या फोडणीचा चर्र आवाज आला, आणि त्याच्याही वर चिमणाबाईंचा.

"सांगा की! आणि शेगडी कुणी धरली होती, तेही सांगा."